धाकट्याच्या मजल्याच्या सळया

आमच्या घरात छताकडं बघायला कुणाला वेळ होता? मी शाळेत शिकवते, शाळा सुटली की भाजी घेत घरी येणार आणि आल्या आल्या स्वयंपाकाला लागणार. आमचे हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. मोटारसायकलवरनं घरी पोचेपर्यंत त्यांच्या अंगातलं त्राण गेलेलं असायचं. छताकडं दिवसभर बघणारा माणूस घरात एकच, माझे सासरे. आदल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढं सगळं कॉट आणि खुर्ची एवढ्यावर आलं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते; त्यांची पोरं त्यांना तात्या म्हणतात.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांना ताक द्यायला गेले, तर म्हणाले, "पोरी, वर बग. डाग हाय."

कॉटच्या वर, कोपऱ्याच्या बाजूला, बशीएवढा पिवळट डाग होता. मी म्हणाले, "मामा, बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय. या दिवसांत कसली आलीय ओल? जुना रंग असेल."

"चढ स्टुलावर. हात लाव."

मी चढले, हात लावला. डाग गार लागला. बोटाला चुन्याची ओली पूड चिकटून आली. ढगाचा पत्ता नाही, नळाला पाणी नाही, आणि छत ओलं!

मामांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. ते गवंडी. मंगळवेढ्याच्या पलीकडचं कोरडवाहू गाव, घरात मेंढरं. तिथलं भागेना म्हणून सोलापुरात आले, आधी सिमेंटच्या पाट्या उचलल्या आणि मग थापी हातात घेतली. शहरात त्यांनी किती स्लॅब ओतले त्याची गणती नाही. आमच्या घराचा तर त्यांनी सकाळी चहाला सुरुवात करून दिवेलागणीला संपवला होता. मधे जेवायलासुद्धा बसले नव्हते. त्यामुळं मी स्टुलावरनं उतरायच्या आत त्यांनी निकाल देऊन टाकला, "माजा स्लॅब गळत न्हाय. तू टाकी बग."

मी गच्चीवर गेले. आमची गच्ची म्हणजे काय, प्लॅस्टिकची काळी टाकी, वाळत घातलेल्या सांडग्यांचं कापड, जुनी गोणपाटं, आणि चारी कोपऱ्यांत कमरेएवढ्या उभ्या लोखंडी सळया. खालच्या खांबांच्या सळया स्लॅबमधनं तशाच वर काढून ठेवलेल्या. एकीला दोरी बांधून मी कपडे वाळत घालते, म्हणून त्या माझ्या रोजच्या ओळखीच्या.

त्या सळया माझ्या धाकट्या दिरांच्या. म्हणजे तशा मामांनी ठेवलेल्या, पण दिरांसाठी. घर बांधलं तेव्हा भावजी शाळेत होते. मामांचं ठरलं होतं, खाली थोरला राहील, वर धाकटा मजला चढवील. पुढं भावजी इंजिनियर झाले, पुण्याला कंपनीत लागले, लग्न झालं, पोरगी झाली. तरी मामा कॅलेंडरच्या पाठीमागं मजल्याचे नकाशे काढायचे. स्वयंपाकघर पूर्वेला, मोरी मागं, आणि आत्ताचा स्वयंपाकघरातला जिना सोडून नवा जिना बाहेरनं. त्या बाहेरच्या जिन्यावरनं एकेकाळी बापलेकांची केवढी खडाजंगी झाली होती! भावजी हट्टाला पेटलेले, "जिना बाहेरनंच पाहिजे, मला येताजाता वहिनीच्या स्वयंपाकघरातनं जायचं नाही." मामा दोन दिवस बोलले नव्हते. शेवटी नकाशात जिना बाहेर गेला.

आणि आता पोटात दाबून ठेवलेली गोष्ट सांगते. डाग दिसायच्या आधी काही महिने भावजींनी पुण्यात फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला आम्ही दोघंच गेलो, मामांपाशी शेजारणीला बसवून, कारखान्यातल्या कुणाचंतरी लग्न आहे असं खोटं सांगून. निघताना भावजी ह्यांचा हात धरून म्हणाले, "दादा, तात्यांना एवढ्यात सांगू नका. त्यांना वाटेल मी कायमचा गेलो." ह्यांनी मान डोलावली. मी म्हणाले, "गेलातच की." दोघंही माझ्याकडं असे बघायला लागले, जणू फ्लॅट मीच घेतला.

तर असं. मामा छताखाली पडून धाकट्याच्या मजल्याची वाट बघत होते, आणि मला ठाऊक होतं की तो मजला कधीच चढणार नाही.

प्लंबर आला. त्यानं टाकीचा बॉलकॉक बदलला, पाइपचे सांधे बघितले, टाकीच्या बुडाखाली हात फिरवला आणि म्हणाला, "बाई, हितं सगळं कोरडं खडखडीत हाय." माझं काही समाधान झालं नाही. मी पडले मास्तरीण. मी पेन्सिल घेऊन स्टुलावर चढले, डागाच्या कडेनं रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. मामा खालनं बघत होते. म्हणाले, "आता छताची बी परीक्षा घेतीस व्हय?" मी म्हणाले, "घेणार. चोर सापडेपर्यंत घेणार."

पंधरा दिवसांत तीन रेघा झाल्या. बशीची ताटली झाली, ताटलीची परात. मधेच मामांच्या उशीवर रेतीचे कण पडायला लागले. एकदा त्यांच्या चहात पडले. त्यांनी चहा गाळून प्यायला आणि मला सांगितलं नाही, मला बशीच्या तळाला रेती दिसली. मी चिडले, "तोंडात काय मूग धरून बसता?" तर म्हणाले, "सांगून काय, तू परत टाकीच बगनार."

आणि मग एका सकाळी त्यांनीच चोर पकडला. मी शेंगदाण्याची चटणी कुटत होते, आतनं हाक आली, "पोरी, काल नळाला पानी आलतं न्हवं?"

"आलं होतं."

"मंग आज डाग वाढलाय बग. मागल्या खेपंला बी असंच. पानी आलं की दुसऱ्या दिवशी ह्यो वाढतो. मदल्या दिवशी गप असतो. पानी आल्यावर तू काय करतीस, सांग मला."

मी मुसळ हातात धरून तशीच उभी राहिले. कुठल्याही सोलापूरकराला विचारा पाणी आल्यावर काय करतात. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते आलं रे आलं की आधी भरून ठेवलेलं शिळं होतं. कालपर्यंत ज्याचा थेंब सांडला तरी जीव हळहळायचा, ते पाणी एकदम नकोसं. कुणी ते झाडांना घालतं, कुणी अंगणात ओततं. मी ते ड्रमातनं घागरीघागरीनं गच्चीवर नेत होते आणि मामांच्या खोलीवर ओतत होते.

त्यांची खोली पश्चिमेची. दुपारी चारनंतर छतातनं धग उतरायची. पडून पडून त्यांची पाठ घामोळ्यांनी भरली होती, एका जागी कातडं सोलवटलं होतं. मी पावडर लावायची, कूस बदलायची, पण रोज संध्याकाळी त्यांच्या अंगाची लाही होताना बघवत नव्हतं. म्हणून मी गच्चीवर जुनी गोणपाटं अंथरली होती आणि ती भिजत ठेवत होते. खोली खरंच गार व्हायची. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी जपून वापरा म्हणून मीच घर डोक्यावर घ्यायची, मग मीच गच्चीवर घागरी रिकाम्या करते हे कोणत्या तोंडानं सांगू?

शिवाय भिजवण्यानं छताचं वाईट होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. कसं असणार? हे घर झालं तेव्हा मी नवी नवरी. स्लॅब ओतल्यावर मामांनी वर पाणी अडवायला मातीची आळी केली, गोणपाटं टाकली, आणि तीन आठवडे ती भिजत ठेवायचं काम माझ्याकडं दिलं. हातातला हिरवा चुडा सांभाळत मी शिडीवरनं घागरी नेत होते. तेव्हा मामा म्हणाले होते, "सिमिटाला पानी म्हंजे दूद, पोरी. पाजशील तितकं कडक व्हतंय." गवंड्याच्या घरातली सून मी. ते वाक्य मी तीस वर्षं डोक्यात धरून बसले होते. मी मनात म्हणायची, मामांनाही गारवा आणि स्लॅबलाही ताकद, एका घागरीत दोन कामं.

मी सगळं कबूल केलं. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं ए बाय माजे! तान्ह्या स्लॅबला पानी पाजत्यात. तीस वरसाच्या म्हाताऱ्याला न्हवं!" आणि हसायला लागले. इतकं हसले की ठसका लागला, मी पाठ चोळली. ठसका थांबला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. हळूच म्हणाले, "ह्या वयात घागरी घिऊन जिना चढत हुतीस? माज्यासाटी?"

मी म्हणाले, "पाणी शिळंच होतं."

माझं मेलीचं मन मात्र खात होतं. वाटलं, चला, चोर मीच, आता गोणपाटं काढली की संपलं. पण मामांचं डोकं गवंड्याचं. म्हणाले, "नुसत्या गोणपाटानं पानी खाली येत न्हाय. तू पाजलंस खरं, पर त्याला वाट कुनीतरी दिलीया. काठी घे माजी. मुठीच्या अंगानं वर ठोक. हळू. मी ऐकतो."

मी कॉटवरच चढले. त्यांच्या काठीची पितळी मूठ छताला टेकवत टेकवत ठोकायला लागले. मामांनी डोळे मिटले. मी या माणसाच्या घरात तीस वर्षं राहिले, पण त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. चेहऱ्यावरचं सगळं दुखणं गेलं होतं, नुसते कान उरले होते. दाराच्या बाजूला खणखणीत आवाज आला. "चांगलं हाय. पुढं." मधोमध खणखणीत. "हां. पुढं." डागाच्या कडेला आले आणि आवाज बसला, बद्द. "थांब. आणिक एकदा. जरा बाजूला." बद्द. मी ठोकत ठोकत कोपऱ्यातल्या खांबापर्यंत गेले, सगळीकडं बद्द. डाग परातीएवढा होता, पोकळी अर्ध्या खोलीची निघाली. बरोबर कॉटच्या वर.

मामांनी डोळे उघडले. "गिलावा सुटलाय. कॉट काढा हितनं. आत्ता."

हे अजून कारखान्यात गेले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून कॉट पुढच्या खोलीत ओढली. टीव्ही एका कोपऱ्यात गेला, सोफा अंगणात. हे कुरकुरले, "एवढी काय घाई होती?" मी म्हणाले, "तुमचा बाप आहे खाली. माझा नाही." खरं तर एव्हाना तो माझाच जास्त झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. मी धावले. खोलीभर धूळ. कॉटच्या जागेवर, मामांची उशी असायची तिथं, छताचा मोठा तुकडा पडला होता आणि खालची फरशी फुटली होती. मी उंबऱ्यातच बसले. पुढच्या खोलीतनं मामा ओरडत होते, "कुनाला लागलं का? पोरी, बोल की!" मी बसल्या जागेवरनंच ओरडले, "कुणी नव्हतं आत!"

थोड्या वेळानं त्यांनी तो तुकडा मागितला. मी परातीतनं नेला. त्यांनी तो मांडीवर घेऊन उलटा केला. आतल्या बाजूला गंजाचे तांबडे पट्टे होते, सळयांचे ठसे. मामा त्यावरनं अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "वाट म्याच दिलीया."

आणि मला समजावून सांगायला लागले, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. घराचा शेवटचा स्लॅब असला की गवंडी वर उताराचा कोबा करतो, म्हणजे पाणी साचत नाही आणि खाली झिरपत नाही. आमच्या स्लॅबवर कोबा नाहीच. का, तर वर मजला येणारच होता. मजला आला की हीच धाकट्याच्या घराची फरशी, मग कोबा कशाला फुकट घालवायचा? शिवाय त्या उघड्या सळया. पाऊस, ऊन, दव, सगळं अंगावर घेऊन त्या गंजल्या. गंजलेलं लोखंड फुगतं, फुगलं की सिमेंटला चीर जाते, आणि त्या चिरेतनं सळयांच्या बुंध्याशी पाणी आत शिरतं. दरवर्षी पावसाळ्यात थोडं थोडं शिरतच असणार. माझ्या गोणपाटांनी त्याला दर चार-पाच दिवसांनी भर घातली. "लोकांच्या घरावर मी कवा असं ठिवलं न्हाय," मामा म्हणाले. "सोताच्या घरावर ठिवलं."

त्यांच्याच हाताखाली शिकलेले एक मिस्त्री आहेत, आता त्यांचीही दाढी पिकलीय. ते आले, गच्चीवर गेले, खाली येऊन मामांच्या पायाशी बसले. म्हणाले, "उस्ताद, सळयांना हात लावला की पापुद्रे निघतायत. बुंध्यापासनं कापाव्या लागतील. मग आतला सुटलेला गिलावा पाडून लोखंड घासून घेतो, नवा गिलावा करतो, आणि वर कोबा."

मामा म्हणाले, "कापू नगं. सिमिट चोपडून झाकून ठिव. वरनं ठोकळं कर. पुढं मजला करताना फोडता येतील."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. "उस्ताद, ह्या सळयांवर आता मजला उभा न्हाय राहणार. आन् त्या ठेवल्या तर दोन-चार वर्षांत पुन्हा हेच. तुमीच शिकवलंय."

"मग पुन्हा करू. तू झाक."

माझा पारा चढला. मी आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "आज सांगून टाका तात्यांना. वर कुणी येणार नाही म्हणावं. तुकडा डोक्यावर पडायचा वाचलाय, अजून कसल्या सळया जपताय?" हे म्हणाले, "मी शब्द दिलाय." मी म्हणाले, "मी नाही दिला." आणि तरातरा बाहेर आले. मामांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, भावजींचं..."

मामांनी मान वर केली. त्यांच्या मांडीवर अजून तो तुकडा होता. तीन दिवस झाले तरी त्यांनी तो टाकू दिला नव्हता. वर्गात चाळीस पोरांवर ओरडणारी मी, त्या एका म्हाताऱ्यापुढं मला वाक्य पुरं करता येईना.

तेच म्हणाले, "व्हय. त्यालाच इचारू. त्याच्या सळया हायत. लाव फोन. आन् आवाज मोठा ठिव."

मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मामांच्या शेजारी ठेवला. मिस्त्री तिथंच, हे दारात. मामांनी सगळं सांगितलं. डाग, गंज, तुकडा पडला ते. कॉट काढल्यावर पडला हेही सांगितलं, म्हणजे पोरानं घाबरू नये. मग विचारलं, "आता मिस्त्री म्हनतोय कापायच्या. तू सांग. कापू का ठिवू?"

पलीकडनं भावजी म्हणाले, "ठेवा की तात्या. पुढंमागं बांधू आपण."

मामांनी डोळे मिटले. तसेच, मी काठीनं ठोकत होते तेव्हा मिटले होते तसे. "बरं," ते म्हणाले. "मंग जिना कुटनं काढायचा? बाहेरनं का आतनं?"

"जिना काय... तुम्ही ठरवाल तसा काढू."

मामा ऐकत राहिले. फोनमधनं कुठल्यातरी कुकरच्या शिट्टीचा आवाज आला, पोरीचं हसणं आलं. मला आठवत होती ती भांडणं, भावजींचा तो हट्ट, तो दोन दिवसांचा अबोला. दारात उभ्या असलेल्या ह्यांनाही आठवत असणार, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

"बरं बरं," मामा म्हणाले. "जेवून घे. ठिव."

मी फोन उचलला. मामांनी डोळे उघडले आणि मिस्त्रींना म्हणाले, "काप. पार बुंध्यापासनं. वर टोक राहू दिऊ नगंस. उतार पन्हाळीकडं नीट दे, आन् कठड्याच्या कडंनं सिमिटाची गोलाई घ्यायला इसरू नगं, तितनंच पानी मुरतंय."

दुसऱ्या दिवशी वर मशीन लागलं. मामांनी स्वतःला अंगणात खुर्चीवर बसवायला लावलं. चार कोपरे, चार वेळा तो कर्कश आवाज. प्रत्येक वेळी ते मान थोडी वर करायचे. मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते, खडे दिसत नव्हते, नुसती बोटं फिरवत होते. चौथा आवाज थांबल्यावर मामा म्हणाले, "तुजी कपड्याची दोरी आता कुटं बांधायची गं?" तेव्हा मात्र मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावून आत गेले.

काम आठ दिवस चाललं. कोब्याला पाणी मारायचं काम मामांनी पुन्हा माझ्याकडंच दिलं. "तान्हं हाय, पाज आता पोटभर," म्हणाले. आळी भिजवायचे दिवस संपल्यावर मिस्त्रींनी वर पांढरा चुना मारून दिला. खोली आता चुन्यानं गार राहते, घागरी नाहीत की गोणपाटं नाहीत. तेव्हापासून दर मेमध्ये मी गच्ची झाडते, पन्हाळीच्या तोंडातला कचरा काढते आणि काठी घेऊन घरातलं एकेक छत ठोकत फिरते. मामा डोळे मिटून ऐकतात.

पण मला सांगायचं आहे ते काम संपल्यानंतरच्या रविवारचं. मामांची कॉट पुन्हा आपल्या जागी आली होती. नव्या गिलाव्याचा वास होता. भावजींचा फोन आला. मी कूस बदलून दिली होती आणि पाठीला पावडर लावत होते, म्हणून फोन उशीवरच होता.

"तात्या, झालं का काम? सळया झाकल्या ना नीट?"

माझा हात थांबला. मामा मान वळवून छताकडं बघत म्हणाले, "झाकल्या की. झ्याक ठोकळं क्येल्यात चार. तू काळजी करू नगंस. तुला कवा जमंल तवा बांद."

"बांधू की," भावजी म्हणाले. आवाज एकदम हलका झाला होता.

फोन बंद झाला. माझ्या तोंडावर मात्र सगळं दिसत असणार. मामांनी ते बघितलं. "आठ्या कशापायी घालतीस? त्याला तितं झोप लागाय नगं व्हय?"

मी पावडरचा डबा बंद केला. म्हणाले, "मामा, खोटं कशाला बोलायचं पण?"

"त्यो माज्यासाटी बोलला. मी त्याच्यासाटी बोललो." मग थोडं थांबून म्हणाले, "तू त्याला एक निरोप दे. म्हनावं, नव्या घराचं छत पावसाच्या आदी एकदा ठोकून घे. बिल्डरच्या लोकांचा काय भरवसा न्हाय. पोरगी निजती त्या खोलीचं पयल्यांदा."

मी त्यांना नव्या घराचं कधीच सांगितलं नव्हतं. ह्यांनीही नाही, मी नंतर शपथ घालून विचारलं. तो फोनमधला आवाजच त्यांच्या कानाला बद्द लागला असणार.

मी अंगणात गेले आणि भावजींना फोन लावला. निरोप जसाच्या तसा सांगितला, नव्या घराचं, पोरीच्या खोलीचं. सळया कापल्याचंही सांगून टाकलं, मी कुणाला शब्द दिला नव्हता. एवढा मोठा इंजिनियर माणूस, त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा आला, "वहिनी, कशानं ठोकायचं असतं?"

"काठी लागते," मी म्हणाले. "ती तुमच्याकडं नसणार. इथं तुमच्या बापाच्या उशाशी आहे. या आणि घेऊन जा."